मनगटावरची बोटं

आधीच माफी मागते. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीपर्यंत शाळा झाली. पाचवीचा वर्ग दुसऱ्या गावात होता आणि त्याच वर्षी आईबापाबरोबर मी उसाला गेले, ती गेलेच. त्यानंतर लिहायची वेळ आली ती फक्त बचत गटाच्या वहीत सही करण्यापुरती. तेव्हा चुका दिसतील, त्या वाचणाऱ्याने पोटात घालाव्यात.

माझी मुलगी प्रज्ञा मोबाईलवर लोकांचे असे अनुभव वाचते... कुणाला घाटात बाई दिसली, कुणाला विहिरीतून हाक आली. जेवताना मोठ्याने वाचून दाखवते आणि मी हसते. परवा ती म्हणाली, "मम्मी, तुझंबी लिही की." मी म्हटलं, आपलं कोण वाचणार? चार माणसांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही. पण वहीपुढे लाज वाटत नाही, म्हणून तिच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर लिहिते आहे. पाठवायचं की नाही ते नंतर बघू.

आमच्या घरात भूतखेत, देवऋषी असलं काही चालत नाही. आम्ही बौद्ध. सासरे होते तोवर घरात कुणी अंगारा आणला तर ते पुडी चुलीत टाकायचे. मीही तशीच. तिकाटण्यावर उतरून टाकलेलं लिंबू ओलांडायला मला कधी भीती वाटली नाही. एकदा तर चांगलं रसाळ दिसलं म्हणून उचलून आणलं आणि पोह्यावर पिळलं. सगळ्यांनी खाल्लं, कुणाला काही झालं नाही. हे एवढ्यासाठी सांगते, की मी भित्री आहे पण तसली भित्री नाही.

आम्ही शिरूर कासारचे. गावाबाहेर रस्त्याला आप्पांचं पत्र्याचं मोठं शेड आहे. तिथे ऊसतोडीचे कोयते बनतात, खुरपी आणि फावडीही. आप्पा म्हणजे मालक. वयस्कर माणूस, कपाळाला भस्माचे पट्टे, आवाज कधी चढत नाही. आमच्याकडची अर्धी माणसं दसरा-दिवाळीनंतर ऊस तोडायला जातात, म्हणून दसऱ्याच्या आगेमागे कोयत्याला एवढी मागणी असते की शेडमध्ये श्वास घ्यायला वेळ नसतो. माझे मालक, म्हणजे प्रज्ञाचे पप्पा गौतम, तिथल्या प्रेसवर होते. आम्ही दोघांनी ऊस सोडला होता तो पोरीच्या शाळेसाठी. मधूनच शाळा तुटली की काय होतं, ते मला माहीत होतं.

प्रेस म्हणजे उभं लोखंडी मशीन. खाली साचा, वर ठोका. साच्यावर लोखंडाची पट्टी ठेवायची, पायाने पॅडल दाबायचं, वरून ठोका येतो आणि कोयत्याचं पातं कापून पडतं. ठोक्याच्या पुढे एक लोखंडी जाळी असते. ती खाली असली की हात आत जातच नाही, पातं चिमट्याने ओढून काढावं लागतं. सावकाश काम होतं, पण हात राहतो.

खंडेनवमीला शेडमधल्या सगळ्या मशीनची पूजा होते. त्या दिवशी कुणी हत्याराला हात लावत नाही. ठोक्याला कुंकू लावायचं, हार घालायचा, तर जाळी वर घ्यावी लागते. आप्पांनी ती वर घेतली आणि पूजेचा लाल नाडा चारपदरी करून घट्ट बांधून टाकली. दरवर्षी दसरा झाला की ते स्वतःच नाडा सोडायचे. त्या वर्षी ऊसतोडीच्या टोळ्या नेणारे मुकादम कोयत्यांसाठी रांग लावून उभे होते. जाळी वर असल्याने पातं हाताने पटकन उचलता येत होतं आणि माल दुपटीने निघत होता. आप्पांनी नाडा सोडला नाही.

ह्यांनी विचारलं, "आप्पा, नाडा सोडू का? जाळी खाली घेतो."

"कावून? पूजेचा हाय तो," आप्पा म्हणाले. "तू कावून हात लावतो त्याला? देवानं बांधलंय, ऱ्हाऊ दे."

रागाने नाही म्हणाले. पण 'तू' कुणाला म्हटलं ते शेडमध्ये सगळ्यांना कळलं. ह्यांनी पुढची पट्टी साच्यावर ठेवली.

शेडमध्ये रशीदचाचा होते, मशीन दुरुस्त करणारे. ते चहा पिताना ह्यांना म्हणाले, "मैं काट देता रे गौतम. पर कल गावात बोलतील, मियाँनं पूजा तोडली. तू काटा तो उससे भी बुरा. आप्पा काटता नै, क्यूँकी माल लई निकलरा. आता तूच सांग, कौन काटेगा?"

"उंदराला सांगा," हे म्हणाले. दोघं हसले. घरी येऊन मलाही सांगितलं, मीही हसले.

दिवाळीच्या आधी, भर दुपारी, ह्यांची तीन बोटं गेली. उजव्या हाताची. अंगठा आणि करंगळी राहिली. मी दुसऱ्याच्या रानात खुरपत होते. शेजारणीच्या फोनवर निरोप आला आणि मी मातीच्या हातांनीच बीडला गेले. चाचांनी बोटं आपल्या चौकड्याच्या रुमालात बांधून, कोल्ड्रिंकच्या दुकानातला बर्फ घालून दवाखान्यात नेली होती. डॉक्टरांनी बघितली आणि म्हणाले, चेंदामेंदा झालाय, जोडता येणार नाहीत.

चाचा ती परत घेऊन आले. मला म्हणाले, "भाभी, माणसाच्या अंगाचं हाय. उकिरड्यावर कसं टाकू?" त्यांनी शेडच्या मागे भिंतीला लागून खड्डा केला आणि रुमालाच्या गाठीसकट बोटं पुरली. वर दगड ठेवला.

आप्पा दवाखान्यात आले, मोसंबी घेऊन. बिल त्यांनीच भरलं. जाताना हळू आवाजात म्हणाले, "ही उचल समजा. घाई न्हाई." आमच्याकडे उचल हा शब्द लहान पोरालाही कळतो. आधी पैसे घ्यायचे आणि मग अंग मोडून फेडायचे. बोटं त्यांच्या मशीनमध्ये गेली आणि पैसे आमच्या अंगावर आले. तेव्हा कुणीतरी म्हणालं, कायद्याने मालकाने भरपाई द्यायला पाहिजे. पण आप्पांशी तसं बोलायला कोण जाणार... ह्यांचं नाव हजेरीतसुद्धा नव्हतं.

परत उसाला जावं तर मुकादम ह्यांच्या हाताकडे बघून म्हणाला, "जोडपं म्हंजी एक कोयता. ह्याच्या मुठीत कोयता बसंना. मंग तुमी अर्धाच कोयता. अर्ध्यावर मी उचल कशी देऊ?"

घरात धडधाकट हात आता माझे दोनच होते. म्हातारी सासू, शिकणारी पोरगी, आणि हे. आप्पांनी निरोप धाडला की गौतमची जागा रिकामी आहे, तिला बसू दे, उचल फिटेल.

"त्या मशीनवर तू बसणार?" हे म्हणाले.

"मंग कोण बसंल?"

 दुसऱ्या दिवशी सकाळी हे मला समोर बसवून, पाटावर चमचा ठेवून, डाव्या हाताने शिकवायला लागले. "हात आत गेला की पाय जमिनीवर. पायाला सांगत जा. हाताला सांगून उपयोग न्हाई, हात हावरा असतो."

मशीनवर बांगड्या चालत नाहीत, म्हणून मी काढायला लागले तर सासूबाई आडव्या आल्या. मी त्यांना आत्या म्हणते. आत्या म्हणाल्या, "समद्या नगं काढू. माझा लेक जित्ता हाय. एक तरी ऱ्हाऊ दे." म्हणून डाव्या हातात एक हिरवी बांगडी राहिली.

मी बसायला लागले तेव्हाही जाळी वरच होती. नाडा काळा पडला होता, तेलाने चिकट झाला होता, पण होता. ह्यांच्या अपघातानंतरही कुणी सोडला नाही. आप्पा म्हणाले होते, आता मधेच सोडला तर आणखी काही वाईट व्हायचं, दसऱ्यालाच सुटेल. मी रोज त्याच्याकडे बघायचे. माझा त्यावर विश्वास नव्हता. पण ज्याने बांधला त्याचीच उचल आमच्या डोक्यावर होती.

इकडे घरी ह्यांना वेगळाच त्रास सुरू झाला होता. जी बोटं नव्हती ती दुखायची. संध्याकाळी ओट्यावर बसून हे पंजाच्या पुढची हवा चोळत बसायचे. "मधलं बोट खाजतंय," म्हणायचे. आत्या रडायच्या. मी डॉक्टरांना विचारलं... म्हणजे प्रज्ञाने विचारलं, मी मागे उभी होते. डॉक्टर चांगले होते, नीट समजावलं. म्हणाले, मेंदूला वाटतं बोटं अजून आहेत, बऱ्याच जणांना होतं, काळजी करू नका. मला पटलं. पुढे जे झालं त्यातलं एवढंच मला पटलेलं आहे.

चैत्र होता. उन्हाने पत्रे तापलेले. दुपारची भाकरी खाऊन मी परत मशीनवर बसले. हंगाम संपला होता, तेव्हा खुरप्याची पाती काढत होतो. शेडमध्ये मी आणि चाचा दोघंच. चाचा पलीकडच्या टोकाला माझ्याकडे पाठ करून धार लावत होते, त्या मशीनचा आवाज एवढा की हाक ऐकू येत नाही.

एक पातं साच्यात अडकलं. मी पाय जमिनीवर ठेवला. हे मला पक्कं आठवतं, कारण मी पायाला मनातल्या मनात सांगितलं होतं. आणि डावा हात आत घातला.

कुणीतरी माझं मनगट धरलं.

धरलं म्हणजे... कसं लिहू. हात लागल्यासारखं नाही, वारा लागल्यासारखं नाही. एका पुरुषाने पूर्ण मुठीत धरावं तसं धरलं आणि मागे ओढलं. स्टूल उलटं झालं आणि मी पाठीवर पडले. पडता पडता ठोका खाली आलेला मला दिसला. पॅडलवर पाय नसताना. ते पातं आणि त्याखालची पट्टी दोन्ही चपटी झाली.

चाचांना जमीन हादरल्याचं कळलं असेल. ते धावत आले. "क्या हुआ भाभी? हात? हात दिखाव."

मी हात दाखवला. बांगडी फुटली होती, एक तुकडा कातडीत रुतला होता. बाकी हात होता.  चाचांनी मशीन बंद केलं, पाणी दिलं, आणि मग मशीन उघडून बघितलं. आत स्प्रिंग तुटला होता. स्प्रिंग तुटला की मशीन पॅडल न दाबता दुसरा ठोका मारतं, असं ते म्हणाले. ह्यांच्या वेळीही बहुतेक तोच ढिला झाला असणार. म्हणजे ठोका का पडला, ते सरळ आहे. त्यात अमानवीय काही नाही.

पण मनगटावर हळूहळू लाल वळ उठायला लागले. आतल्या बाजूला एक जाड वळ, अंगठ्याचा. बाहेरच्या बाजूला चार. चाचांनी आपला पंजा माझ्या हाताजवळ आणून, न टेकवता, मापून बघितला. त्यांचा पंजा रुंद आहे, जमला नाही. मग त्यांनी शेडमध्ये सगळीकडे बघितलं. भरदुपारचं ऊन दारातून आत आलेलं, लपायला काही जागाच नाही.

"तुम खुद पकडे होंगे," ते म्हणाले. "भीतीनं."

माझा उजवा हात त्या वेळी मांडीवरच्या पट्टीवर होता. आणि खरं सांगते, ती पकड माझ्या ओळखीची होती. उसात असताना मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढावं लागायचं. माझा पाय लटपटला की हे वरून मनगट धरून एका झटक्यात ओढून घ्यायचे. तसाच झटका.

मी पदर हातावर ओढून घरी आले. कुणाला सांगायचं नाही असं ठरवलं होतं. सांगितलं असतं तर ह्यांनी दुसऱ्या दिवशी मला जाऊच दिलं नसतं, आणि मग खायचं काय. ओट्यावर आत्या बसल्या होत्या. मी चपला काढायच्या आत त्या बोलायला लागल्या.

"आज दुपारी ह्याचं काय बिनसलं कुणास ठाऊक. भाकर खाता खाता हात असा वर धरला, थरथर कापाया लागला. म्या म्हणलं, काय झालं रे? तर म्हणतो, सुटंना. काय सुटंना? तर म्हणतो, मनगट. ताटावर आडवाच झाला."

हे आत खाटेवर पडले होते. माझ्याकडे बघितलं. माझा हात पदराखाली होता, तो त्यांना दिसत नव्हता. म्हणाले, "तुझी बांगडी फुटली का गं?"

मी विचारलं, "कशावरून?"

"टोचली मला," ते म्हणाले आणि पंजाच्या पुढची रिकामी हवा दाखवली. "हितं. मधल्या बोटाला."

मी पदर काढला. त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट वळवून बघितलं.  मग आपला उजवा हात त्यावर ठेवला. अंगठा अंगठ्याच्या वळावर बसला, करंगळी करंगळीच्या. मधले तीन वळ उघडे राहिले.

 आत्यांनी भिंतीवरच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावली आणि तिथेच बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले. स्प्रिंग नवा बसवला होता. जाळी वरच होती. मी ढिगातलं एक धार लावलेलं पातं घेतलं आणि नाडा कापला. जाळी धाडकन खाली आली. चाचा बघत होते, ते म्हणाले, "या अल्ला," आणि जागचे हलले नाहीत.

आप्पा आले. खाली पडलेला नाडा बघितला. "कुणी तोडला?"

चाचा म्हणाले, "आप्पा, वो..."

"मी," मी म्हटलं. आप्पांशी आजवर बोललेला तो माझा पहिला शब्द असेल.

त्यांचा चेहरा तांबडा झाला. काही बोलणार तेवढ्यात त्यांचं लक्ष माझ्या मनगटाकडे गेलं. वळ आता काळेनिळे झाले होते. मी लपवले नाहीत. चाचांनी त्यांना बाजूला नेऊन सगळं सांगितलं, आमच्या घरचंसुद्धा, कारण सकाळीच ह्यांनी फोनवर चाचांना सांगितलं होतं. परत आले तेव्हा आप्पा प्रेसपासून चार पावलं लांबच थांबले.

"शांती करू," ते मला म्हणाले. "बामन बोलावतो. खर्च माझा."

"पूजा नगं," मी म्हटलं. "जाळी खाली ऱ्हाऊ द्या."

जाळी खाली राहिली. माल कमी निघायला लागला, माझी मजुरी घटली. मी मनात म्हटलं, उचल फिटायला आता प्रज्ञाचं लग्न उजाडेल. पण आप्पा काही बोलले नाहीत. त्यांनी शेडमध्ये येणंच कमी केलं. आले तरी दारातूनच बोलायचे, आणि आधी प्रेसकडे बघायचे. आम्ही न मानणारे रोज आत काम करत होतो, आणि मानणारा माणूस बाहेर उभा.

मग एके दिवशी त्यांनी ह्यांनाच बोलावून घेतलं. म्हणाले, "गौतम, तुझी बोटं माझ्या जागेत पुरलीत. ती तू काढून ने. तुझ्या घरामागं, नदीकाठी, कुठं बी ठेव. ती नेली की आपला हिशोब मी पुरा करतो. उचल माफ, अन् तुझ्या बायकोचं जेवढं कापलं तेवढं वापस."

हे म्हणाले, "बोटं माझी, मी नेतो. त्याला पैसे कशाला?"

"मला झोप न्हाई," आप्पा म्हणाले.

सकाळच्या उन्हात आम्ही चौघं शेडच्या मागे गेलो. दगड होता तिथेच होता, त्याला मुंग्यांची माती लागलेली. चाचांनी टिकाव घेतला आणि हळूहळू माती उकरली. रुमाल निघाला. मातीने तपकिरी झालेला, पण चौकडी ओळखू येत होती. गाठ चाचांनीच मारलेली, त्यांना ओळखू आली. ती सोडायला त्यांना दात लावावा लागला, एवढी घट्ट होती.

आत काही नव्हतं. हाड नाही, नख नाही. कापडाला कुठे भोक नाही.

"मुंग्या," चाचा म्हणाले. मग कापड उलटंपालटं करून म्हणाले, "मुंग्या हाडं नै खाते."

हे खाली बसून त्या कापडाकडे बघत होते. आप्पा भिंतीला हात टेकून उभे होते. त्यांनी शेडच्या पत्र्याकडे बघितलं, जणू आत कुणी असावं. त्यांना काय वाटलं ते मला कळलं, पण मी लिहीत नाही.

ह्या सगळ्याचा उलगडा मला आजही नाही. बोटं असल्यासारखी वाटतात, हे डॉक्टरांनी सांगितलं आणि ते खरं असेल. पण ह्यांच्या मेंदूला वाटलं ते माझ्या मनगटावर कसं उमटलं, हे मला त्यांना विचारता आलं नाही. विचारलं असतं तरी ते काय सांगणार होते? प्रज्ञा म्हणते योगायोग. आत्या म्हणतात लेकाची माया. मी अजून काहीच मानत नाही, आणि अजून त्याच प्रेसवर बसते. थंडी पडली की ह्यांचं मधलं बोट अजून दुखतं.

त्या दिवशी आप्पा आम्हाला तिथून थेट आपल्या घरी घेऊन गेले. आम्ही बाहेरच थांबलो, तर म्हणाले, आत या. पहिल्यांदाच म्हणाले. कपाटातून माझ्या मजुरीतले कापलेले पैसे काढून ह्यांच्यापुढे ठेवले. "मोजून घे," म्हणाले. उजव्या हाताने नोटा निसटत होत्या, म्हणून ह्यांनी त्या मांडीवर ठेवल्या आणि डाव्या हाताने, एकेक करून, सावकाश मोजल्या. आप्पा सगळा वेळ समोर बसून होते. पैसे पूर्ण होते.